चहापाणी, खुशी आणि ते सात दिवस



आजची पोस्ट लांब आहे. संत्र्याच्या भावावर आणि पांदण रस्त्यावर लिहितो तेव्हा तुम्ही शेवटपर्यंत वाचता, तशीच हीही वाचा. विषय लाचेचा आहे. त्यात माझी स्वतःची एक चूक कबूल केली आहे, आणि ती चूक तुमच्यापैकीही बऱ्याच जणांनी केली असेल असा माझा अंदाज आहे.

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतली एक आजी घरी आली. हातात कागदांची पिशवी. निराधारच्या पगाराचं काम. ओट्यावर बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "बाबू, थ्या मानसानं सांगतलं का काम त होऊनच जाईन, पण चहापाण्याचं पाहा लागीन. किती द्याचे असतीन रे?"

मी विचारलं, "आजी, त्यानं लाच मागतली काय?"

आजी दचकली. "नाही रे बावा! लाच कायची मागते थो? चांगला मानूस हाय. चहापाणी म्हणे."

मंडळी, सगळा घोळ इथंच आहे. आजीच्या डोक्यात लाच म्हणजे पेपरात फोटो येतो ते. सुटकेसमध्ये नोटा, मोठा साहेब, कोटींचा आकडा. आपल्याकडून हजार-दोन हजार जातात त्याला आपण लाच म्हणतच नाही. त्याला आपण चहापाणी म्हणतो, खुशी म्हणतो, वरचा खर्च म्हणतो, फाईलवर वजन ठेवणं म्हणतो. दिवाळी आली की दिवाळी म्हणतो. शब्द बदलला की देणाऱ्याला वाटतं आपण काही वाईट केलं नाही, आणि घेणाऱ्यालाही तसंच वाटतं.

कायद्याला मात्र तुमचा शब्द कोणता याच्याशी देणंघेणं नाही. म्हणून आज कायद्यात लाच कशाला म्हटलं आहे ते आपल्या भाषेत मांडतो. मी वकील नाही. संत्र्याची झाडं सांभाळणारा माणूस आहे. पण एकदा पोळलो आणि मग कायदा वाचला.

कायदा आहे भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८. त्यात २०१८ साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती २६ जुलै २०१८ पासून लागू आहे. या दुरुस्तीनं लाचेची व्याख्या 'गैरवाजवी फायदा' या कल्पनेवर उभी केली. सरकारी नोकराला नियमानं जो पगार, भत्ता किंवा मानधन घ्यायची परवानगी आहे, ते सोडून जे काही, तो गैरवाजवी फायदा. आणि पुढे स्पष्ट लिहिलं आहे की हा फायदा पैशातच असला पाहिजे असं नाही, पैशात मोजता आला पाहिजे असंही नाही.

म्हणजे गहू-तुरीचं पोतं, संत्र्याचे दोन क्रेट, मोबाईलचा रिचार्ज, पोराच्या लग्नातला मंडपाचा खर्च, गाडीत टाकलेलं पेट्रोल, हे सगळं त्यात बसू शकतं. "मी तर रुपयाला हात नाही लावला" हे म्हणणं चालत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. आपल्याला वाटतं, चुकीचं काम करून घ्यायला पैसे दिले तर लाच. आपलं काम तर सरळ आहे, कागद पक्के आहेत, फक्त लवकर व्हावं म्हणून दिले. ही लाच कशी?

कायद्यानं याचं उत्तर उदाहरणासकट देऊन ठेवलं आहे. कलम ७ खाली एक उदाहरण छापलेलं आहे: एका माणसाचा रेशनकार्डाचा नेहमीचा साधा अर्ज आहे. तो वेळेवर पुढे सरकवण्यासाठी सरकारी नोकर त्याच्याकडे पाच हजार रुपये मागतो. तो नोकर या कलमाखाली दोषी. बस्स. अर्ज खरा आहे की खोटा, काम नियमात बसतं की नाही, हा प्रश्नच येत नाही. वर स्पष्टीकरणात असंही म्हटलं आहे की त्यानं पुढे काम अगदी नियमानुसार केलं असलं, तरी मागणं, घेणं किंवा मिळवायचा प्रयत्न करणं हाच गुन्हा.

दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांना उदाहरण म्हणून रेशनकार्डच सुचलं, यावरूनच समजा की हा रोग कोणाच्या दारात आहे. शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं आणि वर दंड.

म्हणजे आजीच्या "काम त होऊनच जाईन, पण..." या वाक्यातला 'पण' आला, तिथंच गुन्हा पुरा झाला. एकही नोट हातातून हातात जायची गरज नाही.

पुढचा मुद्दा मधल्या माणसाचा. बरेचदा साहेब स्वतः काही बोलत नाही. बाहेर टपरीवर एक जण उभा असतो, तो म्हणतो, "माह्यावर सोडा." कायदा सांगतो की फायदा थेट घेतला की तिसऱ्याच्या हातून घेतला, याने फरक पडत नाही. स्वतःसाठी घेतला की दुसऱ्या कोणासाठी, यानेही फरक पडत नाही. मंडळाची पावती फाडा, अमक्या कार्यक्रमाला मदत करा, ही पळवाट बंद आहे. आणि सरकारी माणसावर वजन टाकतो म्हणून पैसे घेणाऱ्या दलालासाठी वेगळं कलम ७-अ आहे. त्यालाही तेवढीच शिक्षा, तीन ते सात वर्षं. गावात मोठ्या तोऱ्यात "आपली वर ओळख आहे" म्हणून फिरणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचून घ्यावं.

आता सरकारी नोकर, म्हणजे कायद्याच्या भाषेत 'लोकसेवक', कोणाला म्हणायचं? या एका शब्दावर आपल्या महाराष्ट्रात मोठं रामायण झालं आहे. जुन्या मंडळींना आठवत असेल. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते. सिमेंट तेव्हा कोट्यातून मिळायचं. बिल्डरांनी ट्रस्टला देणग्या द्यायच्या आणि त्यांना जादा सिमेंट मिळायचं, असा आरोप झाला. पैसे खिशात गेले असं नाही, ट्रस्टला गेले, असा तो प्रकार. १२ जानेवारी १९८२ ला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी त्यांच्या विरोधात निकाल दिला आणि अंतुलेंनी राजीनामा दिला. रामदास नायक यांनी फौजदारी तक्रार लावून धरली.

कोर्टात वाद काय झाला तर अंतुले लोकसेवक आहेत की नाहीत. आणि गंमत पाहा, ते लोकसेवक आहेत असं म्हणत होती आरोपीची बाजू! कारण लोकसेवकावर खटला चालवायला आधी मंजुरी लागते. मुख्यमंत्रिपद गेलं होतं, पण ते आमदार होते. आमदार लोकसेवक ठरला तर मंजुरीशिवाय खटला चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १६ फेब्रुवारी १९८४ ला सांगितलं की तेव्हाच्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे आमदार लोकसेवक ठरत नाही. त्यामुळे मंजुरीचं कवच मिळालं नाही. पुढे १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींनी तो खटला उच्च न्यायालयाकडे सोपवण्याचा आधीचा आदेशच चुकीचा ठरवला. बरीच वर्षं हे चालत राहिलं आणि अंतुलेंना शिक्षा काही झाली नाही.

हे सांगायचं कारण असं की व्याख्येतला एक शब्द माणसाला वाचवतो किंवा अडकवतो. त्याच १९८८ साली आताचा कायदा आला आणि त्यात लोकसेवकाची व्याख्या चांगली रुंद केली. ज्या पदामुळे माणसाला सार्वजनिक कर्तव्य पार पाडावं लागतं, ते पद धारण करणारा कोणीही त्यात येतो. सरकारी मदत घेतलेल्या सहकारी संस्थेचे अध्यक्ष, सचिव येतात. विद्यापीठाचे कुलगुरू, प्राध्यापक, कर्मचारी, परीक्षेच्या कामावर लावलेली माणसं येतात. सरकारी अनुदान घेणाऱ्या शैक्षणिक, सांस्कृतिक संस्थांचे पदाधिकारी आणि नोकर येतात. खासदार-आमदारही येतात, हे १९९८ च्या नरसिंह राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. त्याच निकालात, पैसे घेऊन सभागृहात मत देणाऱ्या खासदाराला संरक्षण आहे, असा एक विचित्र भाग होता. तो ४ मार्च २०२४ ला सीता सोरेन खटल्यात सात न्यायमूर्तींनी पुसून टाकला. त्यांनी हेही म्हटलं की लाच घेतली की गुन्हा पूर्ण झाला, मग ठरल्याप्रमाणे मत दिलं की नाही हा मुद्दा नाही. रेशनकार्डाच्या उदाहरणात आहे तेच हे तत्त्व.

तेव्हा "मी कुठं सरकारी आहे, मी तर संस्थेचा" हे ऐकलं की लगेच मान डोलावू नका. अनुदान कोणाचं आहे ते विचारा.

आता 'मागणी' या शब्दाकडे या. लाचेच्या खटल्याचा जीव या शब्दात आहे. नुसत्या टेबलाच्या खणात नोटा सापडल्या म्हणून शिक्षा होत नाही. त्यानं मागितल्या होत्या किंवा लाच म्हणून स्वीकारल्या होत्या, हे सिद्ध व्हावं लागतं. लोक म्हणतात, "रंगेहाथ पकडला तरी सुटला, सगळे मिळालेले आहेत." प्रत्येक वेळी तसं नसतं. बरेचदा मागणीचा पुरावाच कच्चा असतो, किंवा तक्रारदार कोर्टात फिरतो.

१५ डिसेंबर २०२२ ला नीरज दत्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी यावर दोन कामाच्या गोष्टी सांगितल्या. एक, तक्रारदार मेला किंवा फितूर झाला तरी बाकीच्या पुराव्यावरून, परिस्थितीवरून मागणी सिद्ध करता येते. दोन, कोणी न मागता स्वतःहून लाच पुढे केली आणि नोकरानं ती घेतली, तरीही गुन्हा होतो. म्हणजे "त्यानं खुशीनं दिले, मी काही मागतले नोते" हा बचावही गेला. खुशीनं देणारा आणि खुशीनं घेणारा, दोघंही कायद्याच्या कचाट्यात.

दोघंही म्हटलं मी. इथं माझी गोष्ट येते.

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. शेतावर वारस नोंद करायची होती. एका कार्यालयात गेलो. कुठलं ते लिहीत नाही आणि तुम्हीही कमेंटमध्ये अंदाज लावत बसू नका. कागद पूर्ण होते. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळ्या भावाबहिणींच्या सह्या. तीन चकरा झाल्या. चौथ्या चकरेला मला सांगण्यात आलं की तीन हजाराचा वरचा खर्च आहे. पावती? हसले. घरी तेराव्याचा खर्च झालेला, डोक्यावर सोसायटीचं कर्ज, नवीन कर्जासाठी सातबारावर नाव पाहिजे. मी खिशातून काढून दिले. काम झालं. घरी येऊन आईला म्हटलं, "झालं, सुटलो एकदाचे."

सुटलो नव्हतो. काही दिवसांनी कलम ८ वाचलं आणि हातपाय गार पडले.

२०१८ च्या आधी, लाच दिली असं जबाबात सांगणाऱ्याला त्या जबाबावरून खटल्यात ओढायचं नाही, असं संरक्षण कायद्यात होतं. कलम २४. ते २०१८ ला काढून टाकलं. आता लाच देणं हा सरळ वेगळा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा किंवा दंड किंवा दोन्ही. एक अपवाद ठेवला: माणसाला भाग पाडलं असेल तर त्याला हे कलम लागू नाही. पण त्याला एक अट जोडली. दिल्याच्या दिवसापासून सात दिवसांच्या आत त्यानं पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं पाहिजे.

सात दिवस. मी वाचलं तेव्हा माझे बारा झाले होते.

म्हणजे ज्या दिवशी मी लुटला गेलो, त्या दिवशी मी फिर्यादी होतो. आठवा दिवस उजाडला आणि मी आरोपीच्या रांगेत जाऊन बसलो. त्यातही कायद्याचे शब्द नीट वाचले तर देणाऱ्याचं कलम म्हणतं की काम 'अयोग्य रीतीनं' करून घेण्यासाठी दिलेला फायदा. माझं काम तर योग्यच होतं, मग मी गुन्हेगार कसा? वाद चांगला आहे. पण तो वाद घालायला वकील लागतो, तारखा लागतात, आणि तीन हजार देऊन मोकळा होणाऱ्या माणसाकडे नेमकं तेच नसतं. आणि सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याला तक्रारीची मुदतही संपत नाही. म्हणजे आज हे लिहितानाही माझ्या पोटात थोडा गोळा आहेच. तरी लिहितो, कारण गप्प बसून काय मिळालं ते पाहिलं आहे.

आता दुसरी बाजू तपासा. त्याच कायद्यात नोकरासाठी काय आहे? त्यानं कामकाजात घेतलेल्या निर्णयाबद्दल चौकशी करायची तर कलम १७-अ प्रमाणे आधी परवानगी पाहिजे. ती द्यायला तीन महिने, लागलं तर आणखी एक महिना. सापळ्यात जागेवर पकडला तर ही परवानगी लागत नाही, हे खरं. पण कोर्टात खटला उभा राहायला कलम १९ ची मंजुरी लागतेच. तिलाही तीन महिने आणि वर एक महिना.

साहेबाच्या मंजुरीवर विचार करायला साहेबाच्या साहेबाला चार महिने. आणि बाप गेलेल्या शेतकऱ्याला, पेन्शनसाठी चकरा मारणाऱ्या बाईला, कायदा शोधून, समजून, धीर एकवटून अमरावतीला जायला सात दिवस.

माझं स्पष्ट मत आहे की हे उलटं आहे.

मला माहीत आहे, काही जण म्हणतील, "देणारे बंद झाले तर घेणारे बंद होतील, म्हणून देणाऱ्यालाही धाक पाहिजे." ठेकेदारासाठी हे मला मान्य आहे. दहा जणांना मागे सारून टेंडर मिळावं म्हणून पाकीट देणारा, परीक्षेत नंबर लागावा म्हणून लाख मोजणारा, यांना धाक पाहिजेच. कायद्यातलं देणाऱ्याचं उदाहरणही तेच आहे: बाकीच्या बोली लावणाऱ्यांना डावलून परवाना मिळावा म्हणून दहा हजार देणारा. पण तो आणि आजी एका मापानं मोजायचे काय? एक जण दुसऱ्याचा हक्क विकत घेतो. दुसरी स्वतःचाच हक्क सोडवून घेते, गहाण ठेवल्यासारखा. या दोघांना एकच कलम आणि एकच सात दिवस लावले तर होतं काय, आजी बोलत नाही. आणि ती बोलली नाही की घेणारा निर्धास्त.

माझ्यासारखे जे आठव्या दिवशी गप्प झाले, ते त्या टेबलाचे कायमचे साक्षीदार झाले, न बोलणारे.

म्हणून मागणी सरळ आहे. ज्याच्याकडून त्याच्या हक्काच्या कामासाठी पैसे उकळले गेले, त्याला कळवायची मुदत सात दिवसांवरून वाढवावी. निदान नोकराच्या मंजुरीला जेवढा वेळ मिळतो तेवढी तरी द्या. हे काम संसदेचं आहे. आपले खासदार मत मागायला येतात तेव्हा पाणंद आणि सभामंडपासोबत हेही कानावर घाला.

तोवर आपल्या हातात काय आहे?

पहिलं, पैसे देण्याआधीच बोला. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा फोन १०६४ आहे, पैसे लागत नाहीत. अमरावतीला त्यांचं कार्यालय आहे. ते आधी मागणीची पडताळणी करतात, म्हणजे पंचासमोर तो माणूस खरंच मागतो काय ते ऐकतात, रेकॉर्ड करतात. मग सापळा. त्यांना आधी सांगून, त्यांना मदत म्हणून तुम्ही नोटा दिल्या, तर तुम्हाला कलम ८ लागत नाही, हे कायद्यातच लिहिलं आहे. हे माहीत नसल्यानं अर्धे लोक घाबरतात.

दुसरं, देऊन बसला असाल तर तारीख लिहून ठेवा आणि सात दिवसांच्या आत लेखी कळवा. पोच घ्या. "पुढच्या सोमवारी पाहू" म्हणू नका, सोमवार आठवा निघेल.

तिसरं, लोकसेवा हक्क कायदा. महाराष्ट्रात २८ एप्रिल २०१५ पासून आहे. अधिसूचित सेवा किती दिवसांत द्यायची हे ठरलेलं आहे. नाही दिली तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग. दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. वेळेवर व्हावं म्हणून पैसे देतो ना आपण? ती 'वेळ' आधीच आपल्या मालकीची आहे. ती विकत घ्यायची गरज नाही.

चौथं, एक साधा प्रश्न पाठ करा: "पावती भेटीन ना?" सरकारी फी असेल तर पावती मिळते. पावतीचं नाव काढल्यावर जी रक्कम हवेत विरते, ती काय होती ते समजून जा.

आणि शेवटची गोष्ट आपल्या गावाची.

आपण रिद्धपूरचे लोक आहोत. गोविंदप्रभूंच्या या गावात म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं. लिहायच्या आधी गावोगाव फिरून, कोणी पाहिलं, कोणी ऐकलं, कुठं घडलं, हे विचारून विचारून लीळा गोळा केल्या. आजच्या भाषेत, पक्की पडताळणी केली. आणि नागदेवाचार्यांनी संस्कृतात लिहू पाहणाऱ्या पंडितांना मराठीतच लिहायला लावलं, म्हाताऱ्या बायाबापड्या धर्मापासून वंचित राहू नयेत म्हणून. साडेसातशे वर्षं होत आली त्याला. आता मराठी भाषा विद्यापीठही आपल्याच गावात आलं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली, आपण गुलाल उधळला.

पण कायद्याचं मराठी भाषांतर उघडा. परितोषण, पारिश्रमिक, लोकसेवक. आमच्या आजीसाठी ही सकळ लिपीच आहे. ज्याला किल्ली माहीत त्यालाच वाचता येते.

माझी विनंती आहे, विद्यापीठातल्या अभ्यासकांनी हे एक काम हाती घ्यावं. कलम ७ आणि कलम ८ आजीला कळेल अशा मराठीत, एका पानात. आणि ग्रामपंचायतीनं ते पान येत्या ग्रामसभेत मोठ्यानं वाचावं, मग भिंतीवर लावावं. प्रत्येक कार्यालयात "लाच देणे व घेणे गुन्हा आहे" अशी पाटी असते. ती वाचून आजीला काय कळतं? ती म्हणते, मी लाच देतच नाही. पाटीवर लिहा: "चहापाणी, खुशी, वरचा खर्च, दिवाळी, काहीही नाव द्या, मागितलं की गुन्हा. दिलं असेल तर सात दिवसांत सांगा. फोन १०६४." मग कळेल.

आजीचं काय झालं? मी तिच्यासोबत गेलो. १०६४ पर्यंत जायची वेळ आली नाही. मी फक्त विचारलं, "भाऊ, चहापाण्याची पावती कोन्त्या नावानं फाडता? आजीले हिशेब ठेवा लागते." तो माणूस थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "काका, गमतीनं म्हटलं होतं. ठेवा कागद." अर्जाची पोच मिळाली, तारखेसह.

परतताना ऑटोत आजी म्हणाली, "म्हंजे थे लाचच होती काय रे?"

"हो आजी, लाचच."

"मंग मागच्या खेपेले म्या पाचशे देले, थे?"

मी तिला सात दिवसांचं काही सांगितलं नाही. सांगून काय करू, दोन वर्षं होऊन गेली. पण तेव्हाच ठरवलं की हे लिहायचं.

कमेंटमध्ये तुमचे अनुभव लिहा. कोणाचं नाव, कार्यालयाचं नाव लिहू नका, तक्रार करायची तर ती रीतसर करा. फक्त एवढं लिहा की तुमच्याकडे लाचेला कोणता शब्द वापरतात. पाटीवर तो शब्द राहून जायला नको.

दंडवत प्रणाम.